हिलारसचा कान

रोमजवळच्या ओस्टियाच्या बंदरात नाणी पारखणाऱ्या हिलारसच्या मेजापुढे भलेभले व्यापारीही मुकाट उभे राहत. चांदीचा दिनार तो संगमरवरी फळीवर टाकायचा, क्षणभर ऐकायचा आणि खरा की खोटा ते सांगायचा. आत तांबं आणि वर चांदीचा मुलामा ही लबाडी डोळ्यांना फसवते, कानाला नाही. एके काळचा हा गुलाम स्वतंत्र झाला तोही त्या कानाच्या जोरावर. मग त्याचा तोरा काय विचारता!

वोकोनियाबाईंची केस विंचरणारी दासी थालूसा अकरा वर्षं त्याच्याकडे येत होती. बक्षिशीची 'अस' नावाची तांब्याची सोळा नाणी साठली, की ती देऊन ती एक दिनार न्यायची. तिच्या सुटकेची किंमत पाचशे दिनार ठरली होती. उद्या बाई कायमच्या स्पेनला निघणार होत्या. आज सुटका झाली नाही, तर म्हाताऱ्या आईला इथंच टाकून थालूसालाही जावं लागणार होतं. म्हणून ती भरलेली थैली आणि बाईंचा कारभारी फिलो, दोघांना घेऊन मेजापाशी आली. हिलारसला तर घरचंच कार्य असल्यासारखा आनंद झाला होता.

फिलोनं सहज एक दिनार फळीवर टाकला. हिलारसला तो नेहमीसारखाच वाटला. पण फिलोच्या कपाळाला आठी पडली आणि शेजारचा तेलवाला वळून बघू लागला. फिलोनं नाण्यावर छिन्नी मारली. आत तांबं होतं.

एकेक करत पाचशेत नव्वद खोटे निघाले. हिलारसनं आपली पेटी आणून मेजावर उपडी केली. यातून नव्वद घ्या, म्हणाला. फिलो एकेक दिनार टाकत गेला आणि हिलारस त्याच्या कपाळाकडे बघत राहिला. आठी. पुन्हा आठी. एवढ्या मोठ्या पेटीत खरे निघाले फक्त बावन्न.

"म्हातारबा, हे सगळे तुम्हीच पारखलेत ना?" फिलोनं मोठ्यानं विचारलं.

आता लपवून काय उपयोग होता? "तीन वर्षं झाली," हिलारस म्हणाला, "मला नाण्याचा आवाज नीट येत नाही. सांगितलं असतं, तर माझ्या मेजावर कोण आलं असतं?"

बोलून गेल्यावर त्याची त्यालाच शिसारी आली. यावीच.

अडतीस दिनार कमी पडत होते. फिलो वाईट माणूस नव्हता, पण पाचशेला एक कमी असला तरी बाई ऐकणार नाहीत, हे त्यानं सांगून टाकलं. थालूसानं खरे दिनार थैलीत भरले. बांधताना गाठ दोनदा सुटली.

"काका," ती म्हणाली. एवढं त्याला ऐकू आलं. पुढं ती हळू आवाजात बरंच काही बोलली. तिचे ओठ हलताना त्याला दिसत होते. मग ती फिलोमागून चालू लागली.

पुन्हा सांग म्हणायला हिलारसची जीभ रेटली नाही.