माशीवाली आत्या

तोंडासमोर माशी आली की माणूस हात झाडतो. आमची आत्या थांबायची. डोक्यावर गवताचा भारा असला तरी थांबायची. हवेत एकाच जागी तरंगणारी, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची माशी दिसली, की तिला आधी वाट द्यायची. गाव तिला माशीवाली म्हणे. तिनं कधी राग मानला नाही.

ती वडिलांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा झालेली. वाटूरजवळच्या आमच्या घरातच तिचं आयुष्य गेलं. प्रेमळ वगैरे नव्हती. गोवरी नीट थापली नाही तर पाठीत धपाटा घालायची. बाया त्या माशीला गांधीलमाशी समजून चपलेनं मारायच्या. आत्या म्हणायची, "गांधीलमाशीचं लुगडं नेसलीय नुसतं. आतून गरीब हाय. मारता कशाला?"

निजामाचं राज्य होतं. मी तिसरीत होते. त्या हिवाळ्यात करडईवर मावा पडला, रस शोषणाऱ्या त्या बारीक किडीनं शेंडे काळे पडले. करडई आम्ही ज्वारीच्या कडेनं पेरायचो. काट्यांमुळे गुरं आत शिरत नसत आणि घरचं वर्षाचं तेल तिच्यातूनच निघे. वडील राखेची टोपली घेऊन निघाले. आत्या बांधावर आडवी उभी राहिली.

"राख टाकू नको. माशीची पोरं जेवायला बसलीत."

तिनं पान उलटं करून दाखवलं. हिरवट, बिनपायाची अळी एकेक मावा उचलून शोषत होती.

"अक्का, अळी ती अळीच," वडील म्हणाले. "तेल न्हाई निघालं तर या पोरीची शाळा बंद. लोकाच्या रानात खुरपायला जाईल, मंग आणू तेल."

"लागली पैज," आत्या म्हणाली. मला कुणी विचारलं नाही.

मी रोज शाळेआधी पानं उलटून बघायची. मावा वाढतच होता. एकदा बांधावरच रडले. आत्या म्हणाली, "रडून मावा मरतो का? त्यांचं जेवण होऊ दे."

कडेची एक ओळ वाळून गेलीच. बाकीची करडई फुलली. हातापायांना फडकी गुंडाळून आम्ही ती काढली. घाण्यावरून तेल आलं, तेव्हा वडिलांनी मला नवी पाटी आणली आणि आत्याला म्हणाले, "ही बी दाखव तुझ्या माशीला."

माझी चौथी झाली त्या उन्हाळ्यात आत्या तापानं गेली. पाचवीसाठी पैज लावायला घरात कुणी उरलं नव्हतं. शाळा सुटली. पण तोवर मला लिहिता-वाचता येऊ लागलं होतं, आणि ते कुणाला परत घेता आलं नाही. हे तिच्याबद्दल लिहिलं, ते त्यावरच.