विठूकाकांचा खांदा

मालगुंडचे माझे विठूकाका जहाजावर खलाशी होते. एकाहत्तर साली ते अमेरिकेत बंदरावर उतरले आणि परवान्याची मुदत संपली तरी एका हॉटेलात बटाटे सोलत राहिले. पुढे शिमगा जवळ आला. पालखीला खांदा द्यायचा मान आमच्या घराचा, म्हणून ते स्वतःच पोलिसांत हजर झाले. सरकारने त्यांना परत पाठवलं.

पंच्याऐंशीत मला तिकडे इंजिनिअरिंगच्या पुढच्या पदवीला प्रवेश मिळाला.

"माझं नाव काढू नको. तुझा व्हिसा बुडंल," काका रोज बजावत.

मुंबईच्या वकिलातीत साहेबाने नेमकं विचारलं, "घरातलं कुणी मुदतीबाहेर राहिलं होतं?"

खोटं बोलायचं धाडस झालं नाही. मी सांगून टाकलं.

"मग परत का आले?"

"पालखीला खांदा द्यायला."

"त्यांच्यानंतर कोण?"

"मीच."

साहेबाने व्हिसा दिला.

घरी काकांनी पासपोर्ट उलटसुलट पाहिला. "शिक्षण किती वर्षांचं?"

"दोन."

"मग दोन शिमगे मी काढतो. तिसऱ्याला खांदा तुझा. गुरवाला सांगून आलोय."

"बरं."

"आणि तिकडं बटाट्याला हात लावू नको."