काजळीअक्का

काजळीअक्कांच्या नखांखालचा काळा रंग मुलीच्या लग्नातही गेला नव्हता. विहीणबाई हातांकडेच बघताहेत हे कळल्यावर त्यांनी तोच हात पुढे करून त्यांना पेढा दिला. देवपुरात तात्या मिस्त्रींचं गॅरेज होतं. तात्या नट खोलत. इंजिनात हवा जाते त्या वाटेतली काजळी काढणं मात्र त्यांच्या बायकोचं, म्हणजे अक्कांचं काम.

लोखंडाने त्या कधी खरवडत नसत. रॉकेलमध्ये भिजवायचं आणि बांबूच्या कामटीने हळूहळू सोडवायचं. निघालेला काळा चिकटा वर्तमानपत्रावर पसरून मालकाला दाखवल्याशिवाय गाडी सुटत नसे.

माझी पहिली जीप शिरपूरच्या पुढे सातपुड्यात भाड्याने फिरायची. घर तिच्यावरच चालायचं. कपाशीच्या हंगामात ती काळा धूर सोडू लागली, चढावर बसू लागली. जळगावच्या एका गाड्यांच्या दलालाने बॉनेटही न उघडता सांगितलं, "भाऊ, इंजिन संपलं. भंगारात घालण्यापेक्षा मला द्या." घासाघीस करण्यात मला कोणी हरवलेलं नाही, पण त्या दिवशी भावही न विचारता मी जीप थेट अक्कांकडे आणली. तो अपमानाचा घोट अजून उतरलेला नाही.

अक्कांनी हवेची नळी काढून आत बोट घातलं. "भाऊ, इंजिन जित्तं शे. फिल्टरना डबामा एवढं तेल कोनी भरं?"

माझ्या ड्रायव्हरने. हवेतली धूळ धरायला त्या डब्यात खुणेपुरतंच तेल घालायचं असतं. रस्त्याला धूळ फार, म्हणून त्याने डबा काठोकाठ भरलेला; जास्त तेल जास्त धूळ धरेल असं त्याचं डोकं. इंजिन ते तेलच ओढत होतं आणि धुळीत कालवून वाट बुजवत होतं.

मी म्हणालो, "आता वरवर काढा, बाकीचं दिवाळीनंतर."

"अर्धं तोंड धुईसन तू लगनमा जास का?"

सगळी काजळी निघाली आणि जीप चढ चढली. तो चिकटा दलालाच्या टेबलावर नेऊन आपटायचा, असं मी ठरवलं. अक्कांनी कागद काढून घेतला. "मनी मेहनत त्याना टेबलवर कसाले? त्याले गाडी दखाड."

मग दर दसऱ्याला जीप अक्कांपुढे उभी राहू लागली. पूजेची घाई केली की त्या म्हणत, "पहिले नळी, मंग हार."

अक्का गेल्या. सुतक फिटण्याच्या, गंधमुक्तीच्या दिवशी तो दलालही आला आणि चार माणसांत माझ्याकडे हात करून म्हणाला, "यांना जीप साफ करून घ्यायला मीच सुचवलं होतं." माझं डोकं फिरलं. दंड धरून त्याला बाहेर त्याच जीपपाशी आणलं, नळी सैल केली आणि म्हणालो, "घाला बोट."

तात्या दारातून बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "कोरडं शे ना?"

दलालाने बोट उलटसुलट करून पाहिलं; ना तेल, ना काजळी. सगळ्यांसमोर त्याला म्हणावं लागलं, "कोरडं आहे."