थांबलेल्या पेशी

मावशीने चष्मा कपाळावर सरकवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झाल्यापासून ती रोज एक गोळी घेते. अशा कर्करोगाच्या पेशींना वाढायला लावणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक शरीरात तयार करणाऱ्या एन्झाइमला ती गोळी अडवते, आणि मी प्रयोगशाळेत त्याच एन्झाइमवर काम करते. म्हणून तिला हट्टाने इथे आणलं होतं, स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी दाखवायला.

"अगदीच गप्प आहेत गं. मेल्या का ह्या पेशी?"

"नाही मावशी, तुझ्या गोळीतल्याच औषधामुळे वाढायच्या थांबल्यात."

ती बघतच राहिली. वाढणं हा तर जिवाचा स्वभाव. पण कुठे थांबायचं हेही त्याला सांगता येतं, आणि ते सांगायला शिकण्यात आयुष्य घालवावं, असं मला पुन्हा एकदा मनापासून वाटलं.

"म्हणजे माझ्या आतही आत्ता हेच चाललंय," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात प्रश्न नव्हता.