नानासोंचा जी-एच
कोयनानगरच्या कॉलनीत त्र्याहत्तर साली इंग्रजी येणारी माणसं पुष्कळ होती. येतं म्हणून सांगत फिरणारे मात्र एकटे नानासो. फौजेतून हवालदार क्लार्क म्हणून सुटले, प्रकल्पाच्या स्टोअरला चिकटले आणि संध्याकाळी क्लबच्या व्हरांड्यात आम्हा कामगारांसाठी इंग्रजीचा वर्ग काढून बसले.

एक गोष्ट त्यांच्या पदरात घालतो. आम्ही स्पेलिंग बघून 'लाइट'ला 'लिघ्ट' वाचायचो. नानासोंनी लाइट, नाइट, राइट हे शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहिले. म्हणाले, "आय-जी-एच-टी दिसलं की 'आइट' म्हणायचं. जी-एच गप्प." थोड्याच दिवसांत आमच्या जिभा वळायला लागल्या. पण कौतुक या माणसाला पचलं नाही. जी-एच कुठंही दिसो, तो गप्पच, असा हुकूम त्यांनी काढला. 'रफ'चा 'रौ' झाला, 'इनफ'चा 'इनौ'.

कंपाउंडरची बायको चंदनबाला वर्गाला यायची. सांगलीला मॅट्रिक झालेली. ती अदबीनं म्हणाली, "सर, रफ, टफ, इनफ हा गट वेगळा आहे. तिथं जी-एचचा 'फ' होतो. दोन गट वेगळे लिहिले तर सगळ्यांना सोपं जाईल."

"बाई, आमी फौजेत गोऱ्या साहेबाच्या हाताखाली काम केलंय. तुमी गोरा कवा बघितला?"

चार टाळकी हसली. चंदनबाला उठून गेली. पुढच्या आठवड्यात तिनं आपल्या क्वार्टरच्या ओट्यावर बायकांना शिकवायला घेतलं, एकेका गटाचे शब्द एकत्र करून. हळूहळू आम्हीही तिकडं सरकलो.

मग मोठ्या इंजिनियरसाहेबांचा निरोपसमारंभ आला. नानासो छाती काढून इंग्रजीत बोलायला उभे राहिले. कितीही टफ काम साहेबांना इनफ वाटलं नाही, असं त्यांना सांगायचं होतं. तोंडातून 'टौ' आणि 'इनौ' निघालं. साहेबांनी शेजाऱ्याला विचारलं, "हे कानडी बोलतायत का?" पहिली रांग तोंडावर रुमाल धरून हसली.

दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये मी त्यांना साहेबांचा हा प्रश्न सांगितला. नानासो खुर्चीत रेलून म्हणाले, "साहेबाचंच इंग्रजी कच्चं हाय, गड्या."

वर्गात शेवटी दोघं उरले, तेही त्यांच्या हाताखालचे. रिटायर होऊन नानासो साताऱ्याकडच्या आपल्या गावी गेले. तिथं इंग्रजी कुणालाच येत नाही, त्यामुळं पंडित म्हणून त्यांना मोठा मान आहे म्हणे. चंदनबालेनं आपला जी-एचचा नियम चोरला, असं ते तिथं सांगतात.