व्हर्लीन पिंकनीची साक्ष

व्हर्लीन पिंकनी शिक्षण मंडळावर निवडून आली तेव्हा हॅलोवेल काउंटीतल्या शिकल्यासवरल्या लोकांनी एकमेकांकडे बघून भुवया उंचावल्या होत्या. जन्मभर शाळेची पिवळी बस चालवलेली बाई आता शाळा चालवणार म्हणे. पण ती निवडून आली ती त्या बसमुळेच. तिच्या बसमधून गेलेली पोरं आता आईबाप झाली होती आणि त्यातल्या बहुतेकांना तिने कधी ना कधी कान धरून खाली उतरवलेलं होतं. शिवी दिली की उतर. पण दुसऱ्या दिवशी तोच पोरगा उशिरा आला तर मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत ती थांब्यावर थांबून राहायची. लोकांना हे लक्षात होतं. मतदानाच्या दिवशी त्यांनी चिठ्ठीवर तिचं नाव बघितलं आणि खूण केली, त्यात राजकारण फारसं नव्हतं.

तिच्या समोरच्याच घरात लोरेन मेब्री राहायची. लोरेन इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती. उजाडायच्या आत घर सोडायची. म्हणून तिचा एकुलता एक मुलगा कॉर्ट सकाळी व्हर्लीनच्या स्वयंपाकघरात नाश्ता करायचा, तिच्याबरोबरच डेपोत जायचा आणि रिकाम्या बसमध्ये सगळ्यात आधी बसायचा. व्हर्लीनला मूल नव्हतं. नवरा लवकर गेला. कॉर्ट वकील झाला, मग आमदार झाला, तेव्हा प्रचाराचे फलक तिने स्वतःच्या हाताने कुंपणांना बांधले होते.

पुढे लोरेनची स्मृती गेली. माणसं ओळखायची, पण दिवस, साल, जेवली की नाही, हे सगळं निसटायला लागलं. कॉर्टने सांभाळायला नेटी नावाची बाई ठेवली. पण लोरेन तिला डोक्याला हात लावू द्यायची नाही. म्हणून रोज दुपारी व्हर्लीन रस्ता ओलांडून जायची, तेल लावून तिचे केस विंचरायची, वेण्या घालायची. दोघी मेलेल्या माणसांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत बसायच्या.

अशात शाळांचं प्रकरण पेटलं.

हॅलोवेलच्या शाळांची दशा वाईट होती, हे व्हर्लीनसुद्धा नाकारत नव्हती. अधीक्षक यायचे, सामान सोडायच्या आधीच जायचे. शेवटचा आला तो डॉक्टर थॅडियस बोल्स. मोठा गोड माणूस. वर्षभराने कळलं की त्याची डॉक्टरकी खोटी. तो गेला आणि मंडळाची अब्रू घेऊन गेला. मग काउंटीप्रमुख लेमुएल स्ट्राउड उभा राहिला आणि म्हणाला, हे निवडून आलेलं मंडळ पुरे झालं. शाळा माझ्या ताब्यात द्या. अधीक्षक मी नेमीन, मंडळाचा अध्यक्षही मीच नेमीन.

पण त्यासाठी राज्याचा कायदा बदलायला हवा होता आणि कायदा आमदारांच्या हातात. त्या हिवाळ्यात न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर, मासे तळून देणाऱ्या दुकानाच्या रांगेत एकच चौकशी होती. कोण आमदार कुठल्या बाजूला? एकाने सकाळी विरोध केला आणि दुपारी म्हणाला की आपल्याला चुकीचं समजलं गेलं. दुसऱ्याने आजारपण काढलं. कॉर्ट मेब्री म्हणत होता, "मी विचार करतोय."

एका रविवारी चर्च सुटल्यावर तो व्हर्लीनकडे जेवायला आला. तिने मक्याच्या पिठात घोळवून मासे तळले होते. त्याने कोट काढून खुर्चीला अडकवला आणि पहिला तुकडा तोंडात टाकला.

"मिस व्हर्लीन, मी तुमच्याच बाजूचा आहे."

"पेपरात तर विचार करतोय म्हणालास."

"पेपरात तसंच म्हणायचं असतं. आधीच बाजू घेतली तर मला कोण विचारतंय?"

"तुला आधीही कोण विचारत होतं? सॉस घे."

तो हसला. मग सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "पण खरं सांगा, त्या बोल्सला तुम्ही मत दिलंत कसं?"

व्हर्लीन हसायला लागली. "सांगू? मी मंडळावर आल्यापासून मला कुणी बसा म्हटलं नव्हतं. सगळे वकील, डॉक्टर, हे नि ते. हा मुलाखतीला आला, सरळ माझ्याकडे चालत आला, माझी खुर्ची मागे ओढून दिली आणि म्हणाला, मॅडम, बसा. मी मनात म्हटलं, द्या याला नोकरी."

दोघं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. बोल्सच्या आधीच्या गावातल्या तीनचार मुख्याध्यापकांना तिने फोन करकरून विचारलं होतं आणि सगळ्यांनी त्याचं कौतुकच केलं होतं, हे तिने सांगितलं नाही. त्यात मजा नव्हती.

जाताना कॉर्ट म्हणाला, "राजधानीत चला. आमदारांना भेटा. तुमच्यासारखी बाई दारात उभी राहिली की तोंडावर नाही म्हणायची छाती कुणाची होत नाही."

ती गेली. चर्चला जायची जांभळी टोपी घालून विधानभवनाचे जिने चढली. सिनेटर युडोरा गेन्स तिच्याच वयाची, तिच्याच चर्चची. तिने दार लावून घेतलं आणि चहा पुढे केला.

"व्हर्लीन, माझा विरोध आहे. लिहून घे. लोकांनी निवडलेलं मंडळ कुणी मोडू नये."

"देवाची कृपा."

"मत मात्र मी स्ट्राउडच्या बाजूने देणार."

व्हर्लीनला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"भाषण विरोधात करीन," गेन्स म्हणाली. "चांगलं करीन, बायका रडतील. पण माझ्या भागातला पूल स्ट्राउडच्या टेबलावर पडून आहे. भाषण तुझ्यासाठी, मत पुलासाठी. तू बस चालवलीस, तुला पुलाचं कळेल."

"आणि हे तू मला तोंडावर सांगतेस?"

"बाकीचे पाठीमागे सांगतील. साखर किती घालू?"

खालच्या मजल्यावर ऑरिन टीग नावाचा आमदार होता. तुसडा, एकलकोंडा माणूस, कुणाशी पटायचं नाही. तो खरोखरच विरोधात होता. त्याने तिला उभ्या उभ्याच सांगितलं, "मी तुमच्याबरोबर आहे. पण मेब्री नाही. स्ट्राउडच्या मोजणीत तो त्यांच्याकडे धरलाय. समितीपुढे साक्षीला उभ्या राहू नका."

व्हर्लीनचं डोकं भणाणलं. "तुमच्या आईनं तुम्हाला चांगलं वळण लावलं नाही, मिस्टर टीग. त्या पोराच्या पोटात माझ्या हातचं अन्न आहे. तुमच्याकडे कुणी जेवायला येत नाही म्हणून दुसऱ्याच्या घरात आग लावायची?"

हे ती त्याच्या कचेरीतल्या सगळ्यांसमोर बोलली. टीगने दार उघडून धरलं. त्याची बायको त्याला सोडून गेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं.

विधेयकावरच्या सुनावणीच्या दिवशी हॅलोवेलहून दोन बस भरून लोक आले होते. चर्चच्या बायका, निवृत्त शिक्षक, तिच्या गल्लीतली माणसं. समितीचे आमदार उंचावर अर्धगोलात बसले होते. कॉर्ट मधोमध होता, गेन्स आणि टीग कडेला. व्हर्लीनने माइक जवळ ओढला आणि पाठ केलेलं बोलली. मंडळात चुका झाल्या असतील, पण लोकांनी निवडून दिलेल्याला लोक काढू शकतात. स्ट्राउडने नेमलेल्याला कोण काढणार? आवाज बसमधला होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा. मागे लोकांनी "बरोबर आहे" म्हणून साथ दिली.

मग कॉर्टने माइक लावला. "मिसेस पिंकनी, डॉक्टर बोल्स यांना अधीक्षक नेमायच्या बाजूने आपण मत दिलंत?"

"हो."

"का दिलंत?"

तिला वाटलं, तो तिला फोनांबद्दल सांगायची संधी देतोय. मग आठवलं की फोनांचं त्याला माहीतच नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो समोरच्या कागदांकडे बघत होता.

"त्यांनी आपल्याला खुर्ची ओढून दिली, मॅडम म्हटलं, म्हणून आपण मत दिलंत, असं आपण मला सांगितलं होतं. हो की नाही?"

"कॉर्ट—"

"हो की नाही, एवढंच सांगा."

"सांगितलं होतं."

हसू आधी मागून आलं. तिच्याच लोकांतून. एका बाईने तोंडावर हात धरला, तो तिला पुरला नाही. मग सगळं दालन हसलं. आमदारही हसले. गेन्स हसली नाही, तिने चष्मा पुसला.

टीगने मान पुढे काढली. "बाई, मत द्यायच्या आधी आपण आणखी काही चौकशी केली होती का? कुणाला विचारलं होतं?"

त्याने तिच्यासमोर दोर टाकला होता. पण व्हर्लीनला वाटलं, आता हाही सूड घेतोय. ती म्हणाली, "मला काही बोलायचं नाही."

"माझं या बाईंवर प्रेम आहे," कॉर्ट सगळ्यांना उद्देशून म्हणाला. "त्यांनीच मला वाढवलं. पण प्रेमावर शाळा चालत नाहीत." टाळ्या पडल्या.

विधेयक मंजूर झालं. गेन्सने भाषण केलं, बायका रडल्या आणि मत तिने ठरल्याप्रमाणे दिलं. कॉर्टने मत दिलं तेव्हा सभागृहात स्ट्राउडची माणसं उठून उभी राहिली. त्याच्या मतदारसंघाला नवं हायस्कूल मिळालं आणि त्याला समितीचं उपाध्यक्षपद. व्हर्लीनची मुदत बाकी होती म्हणून ती मंडळावर राहिली, पण आता ठराव वरून यायचे आणि मंडळाने ऐकून घ्यायचे. गावात ती दिसली की कुणीतरी खुर्ची मागे ओढायचा. "बसा मॅडम. आमच्या जावयाला नोकरी पाहिजे." न्हाव्याच्या दुकानात, मासळीवाल्याकडे, एकदा तर चर्चच्या जेवणातही. ती बसायची नाही. उभी राहून जेवायची किंवा न जेवता घरी यायची.

आणि तिने रस्ता ओलांडणं बंद केलं.

लोरेन खिडकीत बसून तिच्या दाराकडे बघत राहायची. हाका मारायची. काही दिवसांनी नेटी आली. पायरीवरच उभी राहिली.

"तुम्हाला विचारतात सारखं. मला डोक्याला हात लावू देत नाहीत. केसांचा नुसता गुंता झालाय, मिस व्हर्लीन."

"तिच्या मुलाला सांग. आता सगळी काउंटी त्यांचीच आहे, केस काय चीज."

"मिस लोरेनना काय कळतंय ह्या सगळ्यातलं? त्यांचा काय दोष?"

"माझा काय होता?" असं म्हणून व्हर्लीनने दार लावलं. दाराआड उभी राहून तिने नेटीची पावलं ऐकली. वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्यात कुठेतरी गारही वाटलं. एका मेब्रीला तरी दुखतंय. मग तिने रस्त्याकडचा पडदा ओढला आणि तो ओढलेलाच ठेवला.

शेवटी गुंता सुटेना म्हणून लोरेनचं डोकं भादरलं. नेटीने धरलं आणि न्हाव्याने कापलं. लोरेन इतकी ओरडली की गल्लीतली माणसं बाहेर आली. व्हर्लीनने पडद्याआडून ऐकलं.

त्या संध्याकाळी कॉर्ट आला. कोट नव्हता, डोळे सुजले होते.

"राग काढायचा तर माझ्यावर काढा. आईवर कशाला काढता?"

"तू माझ्या घरी जेवून मला तिथे विकलंस."

"मी चुकलो नाही. बोल्स खोटा निघाला की नाही? पोरांची वर्षं गेली की नाही? दुसरं कुणी बोललं असतं तर लोकांनी ऐकलं नसतं. तुमच्या तोंडून आलं म्हणून ऐकलं."

"मग आता नवं हायस्कूल बांधतोयस ना," व्हर्लीन म्हणाली, "त्यात तुझ्या आईला नेऊन बसव."

तो तिच्याकडे बघत राहिला. लहानपणी बसमधून उतरवलेला पोरगा बघतो तसा नाही. आमदार बघतो तसा. मग गेला. महिनाभरात लोरेनला काउंटीच्या टोकाच्या वृद्धाश्रमात ठेवलं आणि समोरच्या घरावर विक्रीची पाटी लागली.

व्हर्लीनने उन्हाळा काढला. पाटी उतरली, नवी माणसं आली, त्यांच्या खिडकीत मांजर बसायला लागलं. पानगळीत एका गुरुवारी ती गाडी काढून वृद्धाश्रमात गेली. वाटेत काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. माफी मागायची, पण फार नाही.

लोरेन उन्हात बसली होती. डोक्यावर लोकरीची टोपी. आता माणसंही निसटायला लागली होती; व्हर्लीनकडे बघून ती सभ्यपणे हसली.

"बसा. तुम्ही चर्चकडून आलात का?"

"लोरेन, मी आहे. व्हर्लीन."

लोरेनचा चेहरा बदलला. "असली थट्टा करू नये," ती म्हणाली. "व्हर्लीन गेली. माझ्या मुलानं सांगितलं. मला दफनालासुद्धा नेलं नाही कुणी."

दारात उभी असलेली परिचारिका व्हर्लीनला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "रोज विचारायच्या, रोज रडायच्या. साहेब म्हणाले, एकदाच काय ते रडू दे."

व्हर्लीन परत येऊन बसली. लोरेनच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज नेहमीच्या गप्पांचा होता.

"शेवटी शेवटी माझ्यावर रागावली होती. येईना. मी काय केलं ते मला आठवत नाही. काहीतरी वाईट केलं असणार, उगाच नाही कुणी असं करत. तुम्हाला ठाऊक आहे का?"

"नाही," व्हर्लीन म्हणाली. "तुम्ही काही केलं नसेल."

"तुम्हाला काय माहीत?" लोरेन म्हणाली.

त्यानंतर ती दर गुरुवारी जायला लागली, चर्चकडून आलेली बाई म्हणून. लोरेन तिला व्हर्लीनच्या गोष्टी सांगायची. किती हट्टी होती, किती मोठ्यानं बोलायची, कशी बघता बघता दगड व्हायची. व्हर्लीन ऐकून घ्यायची.

एकदा ती बसलेली असताना कॉर्ट आला. दोघींना बघून दारातच थबकला.

"ये रे," लोरेन म्हणाली. "ह्या बाई किती चांगल्या आहेत बघ. आपली व्हर्लीन नुसतं बोलायची. ह्या येतात."

कॉर्टने व्हर्लीनकडे बघितलं. ती एका शब्दाने त्याला आईसमोर खोटा पाडू शकत होती. तोही तिला पाडू शकत होता. आतल्या खोलीत कुणाचा तरी टीव्ही चालू होता.

"येत जा, बाई," कॉर्ट म्हणाला. "आईला बरं वाटतं."

"येते, साहेब," व्हर्लीन म्हणाली आणि उठून त्याला बसायला जागा दिली.