चपला काढून बसा

मेघना राऊळला जिची किळस येत नाही अशी एकही वस्तू लालबागेत नाही, असं तिच्या बिल्डिंगमधल्या बायका म्हणत. यात थोडी अतिशयोक्ती होती, पण फार नाही. मच्छीवाल्यांच्या टोपल्यांखालून वाहणारं पाणी, पिचकाऱ्यांनी लाल झालेला जिन्याचा कोपरा, लिफ्टच्या बटणावर कुणीतरी पुसलेलं तेलकट बोट, काहीही दिसलं की तिचं नाक आपोआप वर जाई आणि तोंडातून "शी!" बाहेर पडे. सासरी तिचं नावच पडलं होतं, शीशीबाई.

सवय लहानपणची होती. गिरगावातल्या वाडीत सार्वजनिक नळ, सार्वजनिक संडास आणि सार्वजनिक बेसिन यांच्यामध्ये वाढलेली ही पोर कायम खाली बघून चालायची. आई करवादायची, "मान वर कर की गं. रस्त्यात सोनं सांडलंय का?" मेघना म्हणायची, "सोनं नाही, थुंकी सांडलीय." आणि खरोखरच सांडलेली असे. आपल्याकडे ज्याला स्वच्छता हवी तो वेडा ठरतो आणि जो खिडकीतून थुंकतो तो मोकळ्या मनाचा माणूस असतो. लग्न होऊन ती राऊळांकडे आली ती एका खोलीत सात माणसांमध्ये, आणि तिथेही पंचवीस वर्षं नाक मुरडत, हात धुवत, सगळ्यांचं करत राहिली.

मग चाळ पडली आणि तिच्या जागी टॉवर उभा राहिला. फ्लॅटबरोबर गाडी लावायला जागा मिळाली, आणि जागा फुकट का घालवायची म्हणून तिच्या नवऱ्याने, राजेशने, गाडी घेतली. लोक घोड्यासाठी लगाम घेतात, राऊळांनी लगामासाठी घोडा घेतला. राजेश ड्रायव्हिंग स्कूलला आठवडाभर गेला आणि मग क्लच कडक आहे, परळचे रस्ते अरुंद आहेत, शिकवणारा अंगावर ओरडतो, अशी कारणं सांगत घरी बसला. नाचता येईना, अंगण वाकडं. तेव्हा मेघना म्हणाली, मी शिकते. सगळे हसले. ती शिकली, आणि लायसन्सही घेऊन आली.

शिकवणारे कुशाबा खरोखरच ओरडत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "बाई, खाली बघून काय चालवताय? सोनं सांडलंय का?" हे ऐकून मेघनाला गिरगावची आई आठवली आणि हसूच फुटलं. कुशाबा हसले नाहीत. म्हणाले, "नजर लांब टाका. पावसात रस्ता पुढं काय वाढून ठेवेल ते आधी बघायचं. ब्रेकवर पाय अलगद, स्टिअरिंगला हिसका नाही, आणि पुढच्या गाडीला चिकटायचं नाही. ओली गाडी सांगितल्यावर लगेच थांबत नाही, ती विचार करून थांबते."

मेघनाने नजर लांब टाकली. घाण शोधायची सवय काही सुटली नाही, फक्त आधी जी पावलापुढची दिसे ती आता पुढच्या सिग्नलपर्यंतची दिसायला लागली.

आणि गाडी तिला आवडली. दार लावलं, काच वर केली, की बाहेरचं सगळं बाहेर. आयुष्यात पहिल्यांदा तिला एक अशी खोली मिळाली होती, जिच्यात कुणी थुंकत नव्हतं. हे ती कुणाला बोलली नाही. पण गाडीची चावी ती देवघरातल्या अंगाऱ्याच्या डबीशेजारी ठेवी, आणि दिवसातून एकदा उगाच हात लावून बघे.

तर या गाडीची पूजा. तिचे सासरे गुणाजी आप्पा, जुने गिरणी कामगार, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला पण हुकूम ताजा, यांनी ती साग्रसंगीत घडवून आणली. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं चिरडली, काचेच्या कोपऱ्यावर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, आरशाला झेंडूचा हार लागला. मग आप्पांनी आपल्या मालवणीत दोन नियम सांगितले.

"गाडी म्हणजे लक्ष्मी. चपला काढून बसाचा. चपल पिशयेत, पिशयी मांडयेर." आणि मेघनाकडे वळून, "आणि सूनबाय, एक जरी चरो पडलो गाडीर, तर चावी मयूराकडे जातली. मगे रडाचा नाय."

मयूर म्हणजे धाकटा दीर. या माणसाने आजवर मंडळाच्या टेम्पोचा दिवा आणि मित्राच्या गाडीचं दार फोडलं होतं, एका केळेवाल्याची अख्खी हातगाडी आडवी केली होती, आणि तरीही 'मयूरचा हात साफ आहे' असं घरातलं एकमत होतं. बाईने गाडीला चरा पाडला तर ती बाई, पुरुषाने पाडला तर तो रस्ता. मेघनाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण चावी हातात होती, ती तिने देवघरात नेऊन ठेवली.

पुढचे तीन आठवडे तिने गाडीला ओरखडाही येऊ दिला नाही. आरशावरचा हार कुजून काळा पडला, वळताना डोळ्यांसमोर डुलायला लागला, तेव्हा तो मात्र तिने एका सकाळी चिमटीत धरून काढला आणि निर्माल्यात टाकला. कुंकवाचं स्वस्तिक वायपरने काचभर लाल फराटे ओढत होतं, तेही साबणाने धुतलं. आप्पांना दिसत नव्हतं, म्हणून निभावलं.

आषाढातल्या एका सकाळी आप्पांना दादरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. राजेश कामावर गेला होता. आप्पा मागे बसले, चपलांची पिशवी मांडीवर घेऊन. मयूर पुढे बसला, कुणीही न बोलावता. "तू चालव वहिनी, मी आहे ना," असं म्हणून त्याने सीट मागे पाडली आणि उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली.

पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साचलं होतं. मेघनाने चपला काढल्या, रुमालाने पाय पुसले, पण ओलं ते ओलंच. परळला सिग्नल पडला, पुढे बस थांबली, मेघनाने ब्रेक दाबला आणि तिचा ओला तळवा पेडलवरून साबणासारखा घसरला. दुसऱ्यांदा दाबला तेव्हा गाडी थांबली. मध्ये भरपूर अंतर ठेवलं होतं म्हणून बसच्या मागे जागा उरली.

सिग्नल सुटताच तिने गाडी कडेला घेतली. पर्समधून कोरडे कॅनव्हासचे बूट काढले आणि घालायला लागली.

"ह्या काय?" मागून आप्पा. आवाजावरून त्यांना बरोबर कळलं होतं. "लक्ष्मीर बूट घालून बसतस?"

"आप्पा, लक्ष्मी ब्रेकवर नाही बसलेली. तिथे माझा पाय आहे."

मयूर फस्सकन हसला. मेघनाने लेस घट्ट बांधली.

हिंदमाताच्या खोलगट चौकात नेहमीचं तपकिरी पाणी होतं. वर तरंगणारे चहाचे कप, एक चप्पल, आणि काय काय ते विचारू नये. "रेस दे, काप पाणी!" मयूर ओरडला. शेजारून एका शहाण्याने तसंच कापलं आणि फुटपाथवरच्या शाळेच्या मुलींना डोक्यापासून पायापर्यंत गटाराने न्हाऊ घातलं, वर हॉर्न मारून. मेघनाने आयुष्यभर अशा गाड्यांचं पाणी अंगावर घेतलं होतं. तिने पहिल्या गिअरमध्ये गाडी मुंगीसारखी नेली, बाहेर पडल्यावर ब्रेक दोनदा हलके दाबून कोरडे करून घेतले, आणि पुढे निघाली.

"आप्पा चालत पोचतील आपल्याआधी," मयूर म्हणाला. "आणि केवढं अंतर ठेवतेस? मध्ये विमान उतरेल."

पुढे मासळीचा टेम्पो होता आणि त्याच्या फळीतून बर्फाचं, खवल्यांचं पाणी रस्त्यावर ठिबकत होतं. मेघनाचं नाक वर गेलं. "शी! त्या पाण्यावरून नेऊ मी गाडी?" ती आणखी मागे राहिली. मध्ये दोन रिकाम्या टॅक्सी घुसल्या, एक बाइक घुसली. घुसू देत, असं ती मनात म्हणाली. ज्यांना मासळीच्या पाण्यात घसरायची हौस आहे त्यांनी घसरावं.

दादरचा पूल उतरून गाडी फुलबाजाराच्या रस्त्याला लागली. बाजार पहाटेच उरकला होता आणि त्याचं सगळं पोट रस्त्यावर सांडलं होतं. कुजका झेंडू, केळीची पानं, हारांचे दोरे, वरून पाऊस, वरून हजार पाय. पिवळसर तपकिरी लगदा, पिठल्यासारखा, रस्ताभर. देवाला वाहायची फुलं, आणि पायाखाली ही दशा. तिला तो लगदा वळणावरूनच दिसला होता. तिने पाय उचलला, गिअर खाली घेतला, ब्रेकवर अलगद पाय टेकवला.

"आता का स्लो केलीस? रस्ता मोकळा आहे!" मयूर म्हणाला. मागच्या गाडीने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. एक स्कूटर डावीकडून सर्रकन पुढे आली. वर रेनकोट घातलेली एक मुलगी, पायांत रबरी सपाता. लगद्यात शिरताच तिने ब्रेक दाबला, मागचं चाक घसरलं, आणि स्कूटर, मुलगी, डबा, सगळं मेघनाच्या गाडीपुढे आडवं झालं.

गाडी थांबली. विचार करून थांबली, पण मुलीच्या अलीकडे थांबली. त्याच क्षणी मागून धप्प झालं. हॉर्नवाला येऊन टेकला होता.

मेघनाने गाडी बंद केली, चावी कमरेला खोचली आणि उतरली. बूट घोट्यापर्यंत लगद्यात गेले. नळाला हात लावताना पदर वापरणारी ही बाई त्या घाणीत गुडघ्यावर बसली, दोन्ही हात खाली घालून मुलीला उठवलं, हेल्मेट सोडवलं, चेहऱ्यावरच्या पाकळ्या बोटांनी काढल्या. "नाव काय तुझं? कुठे लागलं?" मुलगी म्हणाली, "प्रिती. हात... हात वळत नाहीये काकी."

मयूर काय करतोय म्हणून मेघनाने मागे वळून पाहिलं. मयूर घाईने सँडल चढवून उतरला होता आणि मागच्या बंपरपाशी उकिडवा बसला होता. अंगठ्याला थुंकी लावून चरा पुसत होता.

मेघनाला किळस आली. आजवर जिला ती किळस म्हणत आली, ती मासळीच्या पाण्याची, पानाच्या पिचकारीची, ती या एका अंगठ्यापुढे काहीच नव्हती. एक पोरगी रस्त्यात पडलीय, आणि हा थुंकी लावून बंपर पुसतोय. घरातल्याच माणसाची अशी शिसारी येईल हे तिला माहीत नव्हतं.

"आप्पा, चांगला वीतभर चरा पडलाय!" मयूर उभा राहत म्हणाला. मग हात पुढे केला. "वहिनी, चावी. ठरलंय ना."

लगद्याने माखलेल्या हाताने मेघनाने कमरेची चावी काढली आणि त्याच्या पंजावर ठेवली. चावीबरोबर कुजक्या झेंडूचा गोळा गेला.

"शी!" मयूर म्हणाला.

तो जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसला. सँडल काढून हातात घेतल्या आणि ओले, निसरडे पाय पेडलवर ठेवले. मेघना प्रितीला धरून बाहेर उभी होती. मागची काच अर्धी उघडी होती, त्यामुळे तिला सगळं ऐकू येत होतं.

"मयूर," आप्पा म्हणाले, "त्या पडलेल्या चेडवाक लागला काय?"

"माहीत नाही आप्पा, मी बंपर बघत होतो ना."

आप्पांनी हात पुढे करून त्याचा खांदा चाचपला.

"उतर," आप्पा म्हणाले.

"अरे? तुमचाच नियम आहे. चरा पडला, चावी माझी."

"चरो मी बघूक नाय. माझे डोळे गेले, कान शाबूत आसत. उतर गाडयेतून. त्या चेडवाची गाडी उचल आणि कडेक लाव. चावी सूनबायक दी."

मयूर सँडल हातात धरून अनवाणी उतरला. पाय लगद्यात बुडाले तेव्हा त्याच्या तोंडून पुन्हा "शी!" निघालं, पण या वेळी कुणी लक्ष दिलं नाही.

मेघनाने चावी घेतली, पण राग गेला नव्हता. "आप्पा, अशी नको मला. उद्या परत चरा पडेल. हा रस्ता आहे, देव्हारा नाही. दर चऱ्याला चावी काढून देणार असाल तर आत्ताच ठेवा."

आप्पांनी मांडीवरची पिशवी उघडली, चाचपून चपला काढल्या, गाडीच्या कोऱ्या करकरीत मॅटवर टाकल्या आणि पायांत घातल्या.

मयूर स्कूटर सांभाळत कडेला राहिला आणि प्रिती त्याच्या जागी पुढे बसली. तिच्या कपड्यांतला लगदा पांढऱ्या सीटवर ओघळला आणि कुजक्या फुलांचा वास गाडीभर पसरला. ती एवढुशी स्वच्छ खोली संपली. मेघनाच्या नाकपुड्या आक्रसल्या, तिने काच दोन बोटं खाली केली, बुटांचे तळ पायपुसणीवर घासून घेतले आणि गाडी सुरू केली. आता आधी गाठायचा होता तो डॉक्टर डोळ्यांचा नव्हे, हाडांचा.

"फुडे काय आसा गो?" मागून आप्पांनी विचारलं.

मेघनाने नजर लांब टाकली. "घाण आहे आप्पा. पार कोपऱ्यापर्यंत."

"मगे सावकाश घे," आप्पा म्हणाले.